इंजिने दोन, पोट एकच : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



मी देवगड तालुक्यातला एक होडीवाला. २००४ साली बांधलेली २६ फुटांची फायबरची होडी, मागे २५ हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजिने, चार माणसे आणि गिलनेटची जाळी, एवढा माझा संसार. हंगामात बांगडा, नशीब असले तर सुरमई, आणि फारच चांगला दिवस असला तर दोन-चार सरंगे. भाषणात आम्हाला ‘पारंपरिक मच्छीमार’ म्हणतात. त्यात खोटे काही नाही, पण आता वल्ह्यावर कोणी सुरमईच्या मागे जात नाही. आमची परंपरा पेट्रोलवर चालते. हे पत्र त्या पेट्रोलबद्दल आहे, मात्र तिथे पोचायला मला जरा वळसा घ्यावा लागेल.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत, किनाऱ्यापासून सहा सागरी मैलांवर, डाव्या बाजूचे इंजिन खोकले आणि बसले. मी फारसा घाबरलो नाही. उजवे चालू होते, आणि दोन इंजिने ठेवतो ती अशाच वेळेसाठी. चार-पाच मिनिटांनी उजवेही तसेच खोकले. मग समुद्रावर जी शांतता पसरते, ती ज्याने ऐकली आहे त्यालाच कळेल. वारा असतो, लाटा होडीच्या पोटावर आपटत असतात, तरी ती शांतताच वाटते. शेजारच्या वाडीतल्या एका होडीने दोर टाकून आम्हाला ओढत आणले. धक्क्याला लागेपर्यंत लिलाव उरकला होता. माल निम्म्या भावात गेला, पण चार माणसे घरी आली, म्हणून तक्रार नाही.

त्या दिवशी दोन्ही इंजिने बदलायचे ठरवले. ती जुनी झालीच होती. त्यानंतर कित्येक महिने मी इंजिने बघत, विचारत, मोजत फिरलो. या फिरण्यात कळलेले थोडे तुम्हाला सांगतो. तुमच्या खात्यात होड्यांची मोजणी होते, इंजिनांची नोंद होते, पण एक होडीवाला इंजिन निवडतो कसा, हे कोणत्याही फॉर्मच्या रकान्यात मावत नाही.

पहिला प्रश्न सगळे विचारतात : दोन कशाला? ५० चे एकच बसव. हिशेबाने बोलणाऱ्याचे खरे आहे. एक ५० चे इंजिन दोन २५ च्या जोडीपेक्षा हलके, पाण्यात एकच पाय, एकच पंखा, सर्व्हिसिंगचा खर्च निम्मा. पण तो हिशेब जाळे नसलेल्या होडीचा आहे. रात्री जाळे ओढताना प्रवाहाने होडी जाळ्यावर गेली, की पंख्यात जाळे गुरफटते. एकच इंजिन असेल तर अंधारात एका माणसाने मागे ओणवे होऊन, लाटेवर हेलकावे खात, सुरीने जाळे कापत बसायचे. दोन असतील तर अडकलेले वर उचलायचे आणि दुसऱ्यावर होडी बाजूला घ्यायची. शिवाय एक पुढे आणि एक मागे टाकले, की होडी जागच्या जागी वळते. जाळ्याच्या कडेने चालणाऱ्याला याची किंमत कळते. आणि २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले, तेव्हा कोकण किनाऱ्याने पाहिले आहे, की परत फिरायला कधी कधी किती थोडा वेळ मिळतो. त्या वेळी दुसरे इंजिन ही चैन नसते. लाइफ जॅकेट जितके जरुरीचे, तितकेच तेही.

कोणी सुचवले, एक मोठे घे आणि घरी यायला जोडीला एक ९.९ चे छोटे ठेव. कल्पना वाईट नाही. पण कोपऱ्यात ठेवलेले छोटे इंजिन महिनोन्‌महिने चालवले जात नाही, कार्बुरेटरमध्ये पेट्रोल सुकून राळ होते, आणि नेमके हवे तेव्हा ते दोरी ओढून ओढून खांदा काढते. जोडी सारखी असली की दोन्ही रोज चालतात, सुटे भाग एकाचे दुसऱ्याला लागतात, आणि एकाचा आवाज बदलला तर दुसऱ्याशी ताडून लगेच कळते. म्हणून जोडीच घ्यायची ठरली.

मग मी कॅटलॉग घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते होड्या बांधतात, इंजिनाला हात लावत नाहीत. त्यांनी कॅटलॉग बाजूला ठेवला. “इंजिन मागीर बघ, आधी फळी बघ,” म्हणाले.

फळी म्हणजे होडीचा मागचा आडवा पाट, ज्यावर इंजिने टांगतात. बाहेरून फायबर दिसते, पण आत प्लायवूड असते. काकांनी लाकडी हातोडीच्या दांड्याने डावीकडून ठोकायला सुरुवात केली. टक्‌, टक्‌, टक्‌. मधल्या जागेवर आवाज बदलला. भरल्या मडक्यावर वाजवावे तसा बद्द झाला. उजव्या इंजिनाच्या बोल्टांपाशी पुन्हा तसाच. काकांनी तिथे ड्रिल लावले. कोरडा पिवळा भुसा यायला हवा होता. आले ते चहाच्या उकळलेल्या चोथ्यासारखे, काळे आणि ओले. बोटाने चुरगाळले तर पाणी सुटले. वीस वर्षांत बोल्टांच्या भोकांतून थेंब थेंब पाणी आत गेले होते आणि लाकूड आतल्या आत कुजले होते. रंग मात्र मी दरवर्षी नेमाने लावत होतो.

त्या फळीवर नवी इंजिने टांगली असती, तर एखाद्या उधाणाच्या लाटेत फळीसकट गेली असती. म्हणून पहिला खर्च इंजिनाचा झालाच नाही. आतले फायबर कापून सडके लाकूड काढले, नवे मरीन प्लाय घातले, दोन्हीकडून मॅट आणि रेझिनचे थर दिले, आणि यावेळी प्रत्येक भोक आधी मोठे पाडून, रेझिनने भरून, मग बोल्टाच्या मापाचे पाडले. इंजिन बदलायला मदत करणारी एखादी योजना तुम्ही उद्या आखाल, तेव्हा जुन्या होडीच्या फळीचाही तिच्यात विचार व्हावा. नाहीतर सरकारी पैशाने घेतलेले इंजिन सडक्या लाकडावर टांगले जाईल.

फळीनंतर वजन. टू-स्ट्रोकचे २५ चे इंजिन पन्नास किलोच्या आसपास भरते. फोर-स्ट्रोकचे मॉडेलप्रमाणे साठ ते सत्तर. म्हणजे जोडीमागे वीस-पंचवीस ते चाळीस किलो जास्त. शाळेतला एक मुलगा कायमचा मागच्या फळीवर बसवून ठेवावा, तसे. जुनी होडी टू-स्ट्रोकच्या काळात बांधलेली, तिचा मागचा भाग तेवढ्या वजनासाठी आखलेला. जास्त भार आला की ती मागून बसते, नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलते, आणि मागून आलेली लाट आत यायला वाट मिळते. मी बर्फाची पेटी दोन फूट पुढे सरकवली, तेव्हा कुठे तोल जमला.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर धक्क्यावर पारावरच्या गप्पांसारखी भांडणे होतात. टू-स्ट्रोकवाल्यांची बाजू कच्ची नाही. इंजिन हलके, कोणीही खोलून जोडू शकतो, आणि पुळणीवर लाटेत होडी उलटून इंजिन बुडाले, तरी प्लग काढून, पाणी झाडून, तेल घालून ते पुन्हा चालू करणारे पोरगे प्रत्येक वाडीत आहे. खांद्यावर टाकून घरी न्या, कसेही आडवे ठेवा. फोर-स्ट्रोक भलत्या बाजूला आडवे केले, तर सम्पमधले ऑइल नको तिथे शिरते. आणि नव्या इंजेक्शनवाल्या इंजिनाला बिघाड झाला, की मेकॅनिकच्या पान्याआधी लॅपटॉप लागतो. तो लॅपटॉप असलेला माणूस आमच्यापासून किती तासांवर आहे, हा खरा प्रश्न.

दुसऱ्या बाजूला टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. पन्नासास एक, म्हणजे वीस लिटरच्या कॅनला चारशे मिलिलिटर. त्यातले काही न जळता धुरातून आणि पाण्यातून बाहेर जाते. इंजिनामागे पाण्यावर जो इंद्रधनुष्यी तवंग दिसतो, तो आपलाच पैसा तरंगत असतो. फुल थ्रॉटलला २५ चे फोर-स्ट्रोक तासाला साधारण नऊ-साडेनऊ लिटर पिते, जुने कार्बुरेटरचे टू-स्ट्रोक त्याहून बरेच जास्त. वर्षभराच्या फेऱ्यांनी गुणले, की जड इंजिनाची जादा किंमत हळूहळू फिटते. अमेरिकेत कार्बुरेटरची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड प्रदूषणाच्या नियमांनी बाजारातून गेलीच.

कंपनी कोणती, यापेक्षा सुट्या भागांचे दुकान कुठे, हे मी आधी पाहिले. एव्हिनरूड हे आउटबोर्डच्या जगातले सर्वांत जुन्या नावांपैकी एक. ओले एव्हिनरूडने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा धंदा उभा केला. त्या नावाची इंजिने बनवणे २०२० मध्ये बंद झाले. नाव कितीही मोठे असले, तरी इम्पेलर, प्लग आणि गॅस्केट तालुक्याच्या गावात मिळायला हवे. इम्पेलर म्हणजे समुद्राचे पाणी ओढून इंजिन गार ठेवणारे रबराचे छोटे चक्र. खाडीच्या तोंडाशी वाळूतून जाणाऱ्या होडीत ते लवकर झिजते, आणि मग बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक होत जाते. माझा खलाशी दर पंधरा मिनिटांनी ती धार बघतो. आमच्याकडे तोच टेंपरेचर मीटर.

शाफ्टची लांबी मोजण्याचे काम फुकटचे, आणि त्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. फळीची उंची पंधरा इंच की वीस, यावर छोटा शाफ्ट की लांब, हे ठरते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेशी किंवा किंचित खाली हवी. फार वर राहिली तर लाटेवर पंखा हवा घेतो आणि इंजिन किंचाळते. फार खाली गेली तर पाणी उगाच अडते. दोन इंजिने मधोमध नसून बाजूला बसतात, आणि होडीचे बूड बाजूला वर चढत जाते, म्हणून हे माप प्रत्येक इंजिनाच्या जागेवर वेगळे घ्यायचे. नंतर जाळी, बर्फ, चार माणसे, पूर्ण पेट्रोल अशी भरलेली होडी घेऊन फुल थ्रॉटल द्यायचे. इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या आरपीएमपर्यंत काटा पोचत नसेल, तर कमी पिचचा पंखा. एक इंच पिच कमी केले की दोनशेच्या आसपास आरपीएम वाढतात. रिकाम्या होडीवर घेतलेली चाचणी म्हणजे उपाशीपोटी घेतलेले वजन. त्यावर पंखा निवडू नये.

एवढे सगळे माझ्या हातात होते, ते मी केले. आता माझ्या हातात नसलेले सांगतो.

गेल्या वर्षी होडी ओढून आणल्यावर आमचे तांडेल तात्या टाकी घेऊन बसले. टाकीच्या तळातले पेट्रोल त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतले आणि बाटली उन्हात धरली. आत आडवी रेघ होती. वरच्या भागाला टू-स्ट्रोकच्या तेलाचा रंग, आणि खाली दोन बोटे उंचीचा पाण्यासारखा थर. हलवले की गढूळ, ठेवले की पुन्हा रेघ. दुसऱ्या इंजिनाच्या टाकीतली बाटली हुबेहूब तशीच. तात्या एवढेच म्हणाले, “इंजिनां दोन, पण पोट एकच.”

झाले असे होते. १ जून ते ३१ जुलै बंदी. मे अखेरीस टाक्यांत थोडे पेट्रोल उरले होते, ते तसेच राहिले. यात अर्धी चूक माझीच. पण आमच्या वडिलांच्या काळातही ते तसेच राहायचे, आणि श्रावणात इंजिन दोन-चार झटक्यांत चालू व्हायचे. आता पेट्रोल वेगळे आहे. त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकी श्वास घेते, दिवसा तापते, रात्री गार होते, आणि कोकणातल्या दोन महिन्यांच्या पावसाची दमट हवा तिच्या तोंडातून आत-बाहेर करते. झाकणाच्या फटीतून चार थेंब गेले तर आणखीच. पाणी एका मर्यादेपर्यंत इथेनॉलमध्ये विरघळून राहते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. त्यात टू-स्ट्रोकचे तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते, तळाच्या थरात जवळजवळ नसते. म्हणजे इंजिनाला पाणी मिळते आणि वंगण मिळत नाही. माझ्या डाव्या इंजिनाच्या पिस्टनवर उभे ओरखडे होते, ते त्यामुळे.

बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तकात पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल चालेल, असे लिहिलेले असते. अमेरिकेत १५ टक्क्यांचे पेट्रोल बोटीच्या इंजिनात भरायला मनाई आहे, आणि पंपावर तशी चिठ्ठी चिकटवलेली असते. आपल्याकडे ई-२० ची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, आणि आता साधे पेट्रोल म्हणून पंपावर मिळते ते बहुतेक तेच. त्यावर देशभर वाद झाले, ते गाड्यांचे आणि स्कूटरचे. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो. समुद्रावर उतरायला जागा नसते.

साहेब, मी इथेनॉलच्या विरुद्ध नाही. आपल्याच राज्यातला ऊसवाला शेतकरी, त्याचा कारखाना, त्याचे बिल यामागे आहे. तुमच्याच सरकारने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे ऊसवाला आणि मी आता कागदोपत्रीही भाऊ झालो. भावाच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. देशभरातल्या गाड्यांच्या मानाने आमच्या होड्यांचे पेट्रोल म्हणजे समुद्रात एक तांब्या. तेवढे वेगळे ठेवले, तर कारखान्याला कळणारही नाही.

म्हणून मागणी एकच. मासेमारी बंदरांवर आणि जिथे आउटबोर्डच्या होड्या जास्त आहेत अशा धक्क्यांवर, मच्छीमार संस्थेच्या पंपातून १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळावे. हा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे, हे मला कळते. पण केंद्राच्या दारात आमची बाजू घेऊन जाणारे तुम्हीच आहात. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरच्या कराची प्रतिपूर्ती संस्थांमार्फत होते, म्हणजे संस्था, नोंदणी आणि हिशेब यांची घडी आधीच बसलेली आहे. त्याच घडीत पेट्रोलचा एक वेगळा नळ बसवायचा आहे. केरळात मत्स्यफेड हा सहकारी महासंघ आउटबोर्ड इंजिने आणि त्यांचे सुटे भाग स्वतः विकतो. सहकाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या आपल्या राज्याला एका नळाचे ओझे होऊ नये.

तोवर मी माझ्यापुरते केले आहे. दोन फोर-स्ट्रोक घेतली, कारण निदान तेल तळाशी न जाण्याचा धोका तरी गेला. दोन वेगळ्या टाक्या, प्रत्येकीला पाणी वेगळे करणारा स्वतंत्र फिल्टर. एक टाकी एका पंपावरून भरतो, दुसरी दुसऱ्या पंपावरून, म्हणजे पोटे तरी दोन व्हावीत. मे अखेरीस उरेल तेवढे पेट्रोल मुलाच्या स्कूटरमध्ये जाणार. पण चार खलाशांपैकी एकाच्याही घरी मी ठामपणे सांगू शकत नाही, की आता दोन्ही एकदम बंद पडणार नाहीत. जे पेट्रोल माझ्या इंजिनाच्या पुस्तकात बसत नाही, तेच दोन्ही टाक्यांत आहे.

१ ऑगस्टला बंदी उठेल. त्या पहाटे मी दोन्ही टाक्यांच्या तळातले थोडे थोडे पेट्रोल दोन बाटल्यांत काढून उजेडात धरणार. रेघ दिसली तर होडी धक्क्यालाच राहील आणि त्या दिवसाची चूल उधारीवर पेटेल. त्या सुमारास तुमचा दौरा या बाजूला असला, तर धक्क्यावर या. बाटली मी धरीन, तुम्ही फक्त बघा.

आपला,
देवगड तालुक्यातला एक होडीवाला